तिन्ही हाका

रेल्वे फाटकावर थोरल्याने पुढे केलेला चहाचा कप आईने बोटाच्या टोकाने बाजूला सारला, आणि धाकट्याचा जेवणाचा डबा उचलून ती रूळ ओलांडायला निघाली... अकरा वर्षं! अकरा वर्षांत तिने थोरल्याच्या एकाही हाकेला ओ दिली नव्हती!

आणि का द्यावी? कोळशाने भरलेल्या मालगाडीच्या वाघिणी खाणीच्या उतारावर उभ्या करताना चाकाखाली लाकडी गुटका ठेवायला थोरला विसरला, वाघिणी घरंगळल्या, आणि खाली रुळावर काम करणारे बाबा त्यांच्याखाली गेले... तिला तर एवढंच ठाऊक होतं! खरं तर विसरला होता तो धाकटा. जेमतेम विशीतला, भीतीने पांढराफटक पडलेला पोर. थोरल्याने दोष आपल्या अंगावर घेतला आणि गाडीवरचं काम सोडून कायमचा या फाटकावर फाटकवाला म्हणून येऊन बसला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच; फक्त हा संन्यासी स्वतःच्या पायांनी फासापर्यंत चालत गेला होता.

तेवढ्यात चाकांची घरघर थोरल्याच्या कानावर आली. शिट्टी नाही... इंजिनाची धडधड नाही... नुसती चाकं! वळणावरून पाच भरलेल्या वाघिणी आपल्या आपण उतरत होत्या, आणि आई रुळांच्या मधोमध होती!

"आई! ...आई, बाजूला हो! ...आई गं!"

तिने मान वळवली नाही. उलट, शिट्टी नाही तर गाडी कुठली, या भरवशाने पाऊल मुद्दाम संथ टाकलं. तिच्यापर्यंत पोचायला वेळच नव्हता. तो गाडीचा मार्ग बदलणाऱ्या सांध्याच्या दांड्याकडे धावला. अशा सुटलेल्या वाघिणींसाठीच एक आडलाईन वाळूच्या ढिगात नेऊन सोडली होती. पण तो दांडा एरवी दोघांनी मिळून ओढायचा! दांडा हलेना. देवा, बाबांसारखीच आईसुद्धा...? त्याने छाती टेकून सारं अंग त्यावर झोकून दिलं. खट्कन सांधा वळला, आणि तिच्यापासून दहा पावलांवर वाघिणी आडलाईनीला लागून वाळूत घुसल्या.

धूळ बसेपर्यंत धाकटा उतारावरून धापा टाकत आला. चाकाखाली असायला हवा तो गुटका त्याच्या खांद्यावरच्या झोळीतून डोकावत होता.

"दे इकडे तो," थोरला पुटपुटला. "साहेब येतील आता. मीच काढला म्हणून सांगतो. तुझी लेकरं लहान आहेत."

"नाही दादा!" धाकट्याला रडू फुटलं. "आई, आज मीच विसरलो... आणि त्या दिवशीही मीच! बाबा माझ्यामुळे गेले गं! दादाने नुसतं माझं पाप वाहिलं!"

आई मटकन खडीवरच बसली. वरून साहेबांची जीप येताना दिसली, तसा धाकटा गुटका हातात घेऊन स्वतःच जीपला सामोरा गेला.

"मघाशी मला हाका मारल्यास ना?" आईने थोरल्याला विचारलं.

"तीन मारल्या."

"ऐकल्या होत्या रे... तिन्ही ऐकल्या होत्या! आणि तरी मी..." त्याचा काळवंडलेला हात तिने दोन्ही हातांत घट्ट धरला. "आता परत मार."

लहानपणच्या आवाजात तो म्हणाला, "आई..."

"ओ," आई म्हणाली.