लाकडी चर्चची किल्ली

तारा, बॅगा भर, पण तो स्टीलचा डबा राहू दे. सख्खी बहीण आहेस, तुला सांगून टाकते.

एकोणऐंशीच्या डिसेंबरात इथल्याच, कुवेतच्या एका हॉस्पिटलात मी नर्स होते. शुऐबा बंदरातल्या कारखान्यात पाय मोडलेला कॅनडाचा वेल्डर स्टीफन माझा पेशंट. त्याच्या युक्रेनियन आजोबांनी तिकडे कॅनडात गव्हाच्या माळरानावर गावकऱ्यांच्या मदतीनं तीन घुमटांचं लाकडी चर्च बांधलेलं. कुलूप एक, किल्ली एक, आणि ती चुकून याच्या बॅगेतून कुवेतला आली होती.

"सिस्टर, सात जानेवारीला आमचा नाताळ. आईला आत मेणबत्ती लावायचीय. एवढी पोस्टात टाका."

निघाले. वाटेत हवल्लीत शिंप्याकडे थांबले आणि किल्ली पर्समध्येच राहिली. दुसऱ्या दिवशी स्टीफननं विचारलं. "टाकली," मी म्हटलं. मग आज टाकू, उद्या टाकू करत नाताळ उलटला.

फेब्रुवारीत स्टीफनला घरून तार आली. आई गेली. आजोबांचं कुलूप तोडायला कुणी धजेना, म्हणून शवपेटी बाहेर बर्फातच ठेवून प्रार्थना उरकली.

"टपालवाले मेले बेपर्वा," स्टीफन म्हणाला.

मी मान हलवली. मान हलवली गं मी! अजून स्वतःचीच शिसारी येते.

तो मायदेशी गेला. बारा जूनची दुपार. धुळीच्या वादळानं खिडक्या पिवळ्या झालेल्या. वाऱ्यात कुठेतरी घंटा वाजल्यासारखं झालं, मग दारावर थाप. शेजारच्या असमाची सासू असेल म्हणून उघडलं. फुलाफुलांचा रुमाल हनुवटीखाली बांधलेली परकी म्हातारी. मेणाचा वास. तिनं नुसता तळहात पुढे केला...

"थांबा... आणते..."

किल्ली घेऊन आले तर दारात कुणी नाही. उंबऱ्यापाशी मूठभर बर्फ होता. बघता बघता त्याचं पाणी झालं.

दुसऱ्याच दिवशी किल्ली पाठवली. सोबत चिठ्ठीत सगळं कबूल केलं.

महिन्यानं स्टीफनचं पाकीट आलं. "सिस्टर, ही दुसरी किल्ली आणि कोरा कागद कशाला? आमची किल्ली बारा जूनलाच कुलपात लावलेली सापडली, दार सताड उघडं. टपालवाल्यांना उगाच बोललो. तुम्ही शब्द पाळलात. आभार."

आभार, तारा! त्यानंतर त्याला लिहायचं धाडसच झालं नाही.

परत आलेली किल्ली त्याच डब्यात आहे. सकाळीच कोरडी पुसून ठेवलीय. जरा हलवून बघ...

पाणी वाजतंय ना?