उजवी कूस

कमी वजनाच्या बाळांची खोली आमच्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला आहे. दोन खाटा, एक खिडकी आणि बाळांना ऊब देणारं एक यंत्र. ते वीज असली की चालतं, आणि वीज आपल्या मर्जीची मालकीण. म्हणून आम्ही बाळाला आईच्याच छातीवर, कातडीला कातडी लावून, मऊ फडक्याने बांधतो. आईच्या अंगाला वीज लागत नाही आणि दुरुस्तीला माणूसही बोलवावा लागत नाही, असं मी नव्या आयांना सांगते. त्या हसतात. बाई हसली की सैल होते, आणि सैल झाली की दूध उतरतं.

ही आई पहिलटकरीण होती. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या आणि मुलगी माझ्याच हातांवर जन्मली. पोटात आणखी कुणी नाही हे मी चाचपून पाहिलं होतं. बाळामागून पडलेली वारही उलटसुलट करून तपासली होती. बाळ एकच होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ते मला स्वतःलाच पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

सुनेची कूस उजवली म्हणून सासू खूश होती. नणंद गमत्या स्वभावाची. ही कसली मुलगी, हा तर नुसता ठिपका, असं ती म्हणाली आणि बाळाचं नाव ठिपकीच पडलं. ठिपकीला ओढून प्यायची ताकद नव्हती. आई वाटीत दूध पिळायची, मी चमच्याने थेंब थेंब पाजायची. ठिपकीला डाव्या बाजूला बांधलं होतं आणि सगळं सुरळीत चाललं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी वहिनीला निवांत जेवता यावं म्हणून नणंदेने ठिपकीला आपल्या छातीशी बांधून घेतलं. आई जेवायला बसली. उजव्या हाताने ती जेवत होती आणि डावा हात तिने उजव्या स्तनाखाली ओंजळीसारखा धरून ठेवला होता. दुखतंय का, म्हणून मी विचारलं.

"नाही. आत्ताच डोळा लागलाय तिचा," ती म्हणाली आणि पुढचा घास घेतला.

मी आधी हसले. मग तिचा ताप पाहिला, रक्तदाब पाहिला. दोन्ही ठीक होते. बाळंतपणानंतर काही बायकांचं मन थोडे दिवस भिरभिरतं, हे मला नवीन नव्हतं. डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या. तिला झोपू द्या, एकटी सोडू नका.

जेवणानंतर दूध काढायला बसवलं. डाव्या बाजूने वाटी भरली. उजवीकडून थेंब येईना. मी स्वतः दाबून पाहिलं. स्तन रिकामा होता, आणि बोंड लालबुंद, चिरलेलं. असली बोंडं मी किती पाहिली असतील त्याला गणती नाही. दणकट, भुकेलं बाळ तोंड नीट न लावता ओढतं, तेव्हा असं होतं. ठिपकीने अजून एकदाही ओढलं नव्हतं. दुसरी खाट रिकामी होती. दुसऱ्या कुणाचं बाळ इथे पाजलं का, असं मी नणंदेला विचारलं, तर तिने नाही म्हटलं आणि रिकाम्या खाटेकडे पाहिलं. त्यानंतर तिने एकही गंमत केली नाही.

पुढल्या सकाळी ठिपकीचे पाय गार लागले. नुसते पाय गार असले तर आम्ही घाबरत नाही, पोटाला हात लावून पाहतो. तिचं पोटही गार होतं. आदल्या दिवशी भरलेलं वजनही उतरलं होतं. बाहेर ऊन तापलं होतं, खोलीत घामाच्या धारा लागत होत्या, आणि ठिपकी आईच्या छातीवरच होती.

आईचं अंग तरी गरम आहे का, हे पाहायला मी फडक्याखाली हात घातला. डावी बाजू ठीक होती.

उजवी बाजू हौदातल्या दगडासारखी गार होती. आणि त्या गारव्याला आकार होता. माझ्या बोटांना त्याची कड लागत होती. एका लहानशा पाठीएवढा होता तो. ठिपकीच्या पाठीहून मोठा.

मी हात काढून घेतला. आई माझ्याकडेच बघत होती.

"भरतेय ना अंगाने?" तिने विचारलं. आवाजात कौतुक नव्हतं. ती घाबरलेली होती, माझ्याइतकीच.

मी डॉक्टरीणबाईंना सांगून मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली. मायलेकींना एकत्रच पाठवायचं, हा आमचा नेम. पण गाडी दारात आली आणि आई खाटेवरून उठेना. सासूने समजावलं, मग रागावून पाहिलं. ती ढिम्म हलली नाही. शेवटी तिने ठिपकीची गाठ आपणच सोडली, तिच्या टाळूवर ओठ टेकले आणि तिला नणंदेकडे दिलं.

"वन्सं, तुम्हीच बांधून घ्या हिला. मी आले तर तीही येईल. हिच्या वाटणीचं सगळं तीच पिते."

ठिपकीला छातीशी आवळून नणंद जवळजवळ धावतच गाडीत बसली. सासू मागोमाग गेली.

खोलीत आम्ही दोघीच उरलो. आईचे डोळे खोल गेले होते. डावी बाजू मोकळी झाली तरी उजवीकडचा हात तसाच होता.

"सिस्टर, जरा घेता का? हात भरून आलेत माझे."

भ्रमात असलेल्या बाईशी वाद घालू नये, तिच्या कलाने घ्यावं, हे मी इतरांना शिकवत आले आहे. मी हात पुढे केले. तिने मानेखाली एक हात, ढुंगणाखाली एक हात, असं अगदी जपून काहीतरी उचललं आणि माझ्या डाव्या हातावर ठेवलं.

मला काहीच जाणवलं नाही. वजन नाही, गारवा नाही. काय घाबरलो आपण, असं वाटून मला हसू आलं.

तिचा तिथल्या तिथे डोळा लागला.

दुपारी नणंदेचा फोन आला. अर्ध्या वाटेतच ठिपकीचं पोट ऊबदार झालं होतं, आणि पोचल्यावर तिने तोंड उघडून दूध शोधलं होतं. ऐकताना माझे डोळे भरून आले. आई उठली ती लेकीकडे जायचं म्हणूनच. मी तिला तपासलं. उजवी बाजू गरम होती.

परत आलेल्या गाडीत बसताना ती माझ्याकडे बघेना. खाली बघूनच म्हणाली, "मला माफ करा, सिस्टर."

मला वाटलं, दिलेल्या त्रासाबद्दल म्हणतेय.

मी आत आले. खाटेवरची चादर बदलली, यंत्र पुसलं, एका गरोदर बाईचा रक्तदाब पाहिला. डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या.

"हाताला काय झालं तुमच्या?" त्यांनी विचारलं. "मघापासून सगळं एकाच हाताने करताय. आणि उभ्या उभ्या डुलताय कशाला?"

मी खाली पाहिलं. डावा हात कोपरात वाकवून छातीशी धरलेला होता.

तो खाली सोडावा असं मनात आलं.

पण तिची मान लटकली असती.