सहा सह्यांचा राजीनामा

"थांब! रेघेवर पाय देऊ नकोस!" जुई ओरडली.

मयूरने उचललेला पाय तसाच हवेत धरला आणि तो बगळ्यासारखा डुलत राहिला. उत्तरेतल्या त्या हिंदी भाषिक शहरात, सरोजिनी नगरमधल्या त्यांच्या गल्लीसमोर रस्त्यावर चुन्याची पांढरी रेघ मारली होती. नगरपालिकेच्या पाण्याचा पाइप कुठून जाणार, ते त्या रेघेवरून कळत होतं. सुट्टीचा पहिलाच दिवस! बारा वर्षांची जुई, शेजारचा मयूर आणि कोपऱ्यावरच्या घरातला बंटी सकाळपासून रेघेचा माग काढत निघाले होते.

"अरे, ये तो मुड़ गई!" बंटी किंचाळला.

खरंच! रेघ गल्लीत शिरलीच नव्हती. ती उजवीकडे वळून थेट लग्नाच्या लॉनच्या फाटकात गेली होती. ते लॉन होतं दयारामजींच्या मेव्हण्याचं, आणि दयारामजी म्हणजे गल्लीच्या समितीचे सेक्रेटरी.

गल्लीतली नऊही घरं एकाच विहिरीचं पाणी पीत होती आणि विहिरीला खेटून सेप्टिक टँक होता. तिचा धाकटा भाऊ यश वर्षात दुसऱ्यांदा काविळीने आडवा झाला होता. "ये पानी छोड़िए. तीसरी बार हुआ तो मैं कुछ नहीं कह सकता," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून तर प्रत्येक घराने पाइपसाठी पंधरा पंधरा हजार भरले होते. जुईची नवी सायकल त्यातच गेली होती. आणि आता पाणी कोण पिणार? तर लॉनवरचे वऱ्हाडी!

कामावरचे इंजिनियर कडुलिंबाखाली बसले होते. तिघं धापा टाकत त्यांच्यासमोर उभे राहिले.

"अंकल, हमारी गली में पाइप क्यों नहीं?"

"अपने बड़ों से पूछो. उन्हीं ने लिखकर दिया है." त्यांनी फाइलमधला एक हिंदी कागद पुढे केला. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, राजीनामा. खाली सहा सह्या. पहिली सही नंदकुमार यांची, म्हणजे जुईच्या बाबांची!

"पण हा तर दयारामजींचा राजीनामा आहे!" जुई गोंधळली. "बाबा म्हणाले होते, हा माणूस पद सोडतोय, पीडा टळली एकदाची! सगळ्यांनी हसत हसत मंजुरीच्या सह्या केल्या."

"पागल हो क्या, यार?" बंटीने कपाळावर हात मारला. "पद छोड़ना मतलब इस्तीफ़ा! राजीनामा मतलब सब राज़ी हैं! देख, लिखा है, पाइप पहले लॉन में जाए, गली में बाद में कभी, हम राज़ी हैं. और हमारे घर तो ये काग़ज़ आया ही नहीं!"

कसा येईल? नऊपैकी सहा घरं मराठी. तेवढ्यांच्या सह्या बहुमताला पुरेशा होत्या. उरलेल्या तीन हिंदी घरांना कागदाचा अर्थ पहिल्या शब्दातच कळला असता.

"परसों खुदाई है," इंजिनियर म्हणाले. "दस्तखत करने वाले लिखकर दें कि ग़लती हुई, तो रोक दूँ."

जुई धावत घरी गेली. तिचं ऐकून बाबांचा चेहरा उतरला. बाबा बँकेत होते. सही करण्यापूर्वी वाचा, असं दिवसभर दुसऱ्यांना सांगायचे!

"चूक झाली असं मी लिहून देऊ? बँकेत कळलं तर लोक हसतील मला."

"आणि यश?"

"मोठ्यांच्या गोष्टीत नाक खुपसू नकोस!"

आतून यशच्या ओकारीचा आवाज आला. बाबांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. बाबांचा इतका राग जुईला कधीच आला नव्हता. उरलेल्या पाच घरांतही तेच! प्रत्येक जण म्हणाला, आधी दुसऱ्याने लिहू दे.

"मग दयारामजींकडूनच लिहून घेऊ!" जुई दातओठ खात म्हणाली. तिने कागद घेतला, वर सुबक अक्षरात 'राजीनामा' लिहिलं आणि खाली मराठीत चार ओळी लिहिल्या.

दयारामजी लॉनच्या फाटकात खुर्ची टाकून पान चघळत होते.

"अंकल, ये मराठी घरों के लिए है. बस आपका दस्तखत चाहिए," मयूर निरागस चेहऱ्याने म्हणाला.

"राजीनामा? मराठी में भी? वाह, बड़े समझदार बच्चे हैं!" दयारामजींनी मथळा वाचला, झोकात सही ठोकली आणि वर समितीचा शिक्काही मारला!

मुलांनी तो कागद इंजिनियरना नेऊन दिला आणि तासाभरात त्यांनी दयारामजींना बोलावून घेतलं. जुईने कागद मोठ्याने वाचला आणि बंटीने तो हिंदीत समजावला: 'मी सेक्रेटरीपद सोडत आहे. आधीच्या कागदाचा अर्थ मी लोकांना सांगितला नव्हता. पाइप गल्लीतच जावा.'

"ये धोखा है!" दयारामजी लालबुंद झाले. "मैंने पढ़ा ही नहीं था!"

"पढ़ा तो उन छह घरों ने भी नहीं था," इंजिनियर शांतपणे म्हणाले. त्यांनी दोन्ही कागदांवर फुल्या मारल्या. "दोनों रद्द! पाइप गली में जाएगा."

तिसऱ्या आठवड्यात नळाला पाणी आलं. सभा भरली, पेढे आले. "शाबास, पोरांनो! तुम्ही होतात म्हणून!" असं म्हणत सगळ्यांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. "माझीच मुलगी!" बाबा चौथ्यांदा म्हणाले. कागदावर पहिली सही कुणाची होती, ते मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. पायरीवर बसलेल्या यशचे डोळे अजून पिवळेच होते.

दयारामजींना हटवून निवडलेल्या नव्या सेक्रेटरी चंद्रप्रभा आंटींनी अभिनंदनाचा ठराव फिरवला. नऊही घरांच्या सह्या झाल्या, पहिली बाबांची. मग कागद जुईच्या हातात आला. तिने तो वाचला. पुन्हा वाचला. 'गली के बुज़ुर्गों ने समय रहते जो सतर्कता दिखाई, उसके लिए उनका अभिनंदन.' मुलांचं नाव कुठेच नव्हतं.

"बाबा, हे वाचलंत तुम्ही?"

"अगं, अभिनंदनाचंच तर आहे!" पेढा तोंडात टाकत बाबा म्हणाले. "त्यात काय वाचायचंय?"

जुईने आपला पेढा ताटात परत ठेवला आणि ती यशसाठी नळाचं पाणी भरायला गेली.