पिकअपचं नाक

“खाली? अहो शेठ, खाली कशाला?” पिकअपच्या पोटाखालून बाबांचा आवाज आला. “सगळं जग गाडीचं नाक वर करून मागतं, आणि तुम्ही खाली करा म्हणता!”

“तू कर ना भाऊ, टेन्शन नाय घ्यायचं,” काळा चष्मा लावलेला माणूस म्हणाला. “पुढून चार बोटं खाली. मागे हात नाय लावायचा.”

बाकड्यावर पाय हलवत बसलेल्या यशोधराने कान टवकारले. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या या गॅरेजात तिची निम्मी सुट्टी जायची. गाड्यांच्या अंगातलं तिला गणितापेक्षा बरं कळायचं. या पिकअपला मागे लोखंडी पाटे होते आणि पुढे, दोन्ही चाकांपाशी, पीळ दिलेली एकेक पोलादी सळई. सळईचा बोल्ट आवळला की पीळ वाढतो आणि गाडी नाक उचलते. सैल केला की मान टाकते. बाबांकडे रोज गाड्या यायच्या त्या पुढून उचलून सरळ करून घ्यायला. ही तर आधीच सरळ होती!

बाबांनी गाडी जॅकवर घेतली, दोन्ही बोल्ट मोजून सारखेच सैल केले, गाडी उतरवली, बंपर दाबून हलवून बघितला आणि दोन्हीकडे टेप लावून उंची मोजली. शेवटी नेहमीप्रमाणे दोन्ही बोल्टांवर पिवळ्या रंगाचा ठिपका दिला. सगळ्या विषयांत नापास होऊन घरी निघालेल्या पोरासारखी मान खाली घालून पिकअप निघून गेली.

“बाबा, असलं उलटं काम कशाला करायचं असेल त्यांना?”

“गिऱ्हाइकाला कारण विचारलं की गिऱ्हाईक शेजारच्या गॅरेजात जातं, बाळा!” बाबा हात पुसत हसले.

यशोधराला मात्र हसू आलं नाही. तो चष्मेवाला टेप बघत नव्हता. तो सारखा रस्त्याकडे बघत होता.

तीन आठवड्यांनी ती आणि तिचा धाकटा भाऊ सम्यक आत्याकडे गेले, बदलापूरच्या पलीकडच्या उंबरवाडीत. कौसाआत्या गावच्या पाण्याचा पंप चालवायची. विहिरीतून पाणी उपसून जमिनीतल्या टाकीत भरायचं आणि सकाळी तासभर नळांना सोडायचं, हे तिचं काम. पंपाची चावी सतत तिच्या कमरेला. मे महिना होता, विहीर तळाला गेली होती, आणि गावात माणसं दुधापेक्षा पाण्याला जपत होती.

मंगळवारी सकाळी आत्या खुणांचा बांबू टाकीत सोडून बघत असतानाच अक्षदा धावत आली. ही यशोधराची उंबरवाडीतली मैत्रीण, पाणी कमिटीचे अध्यक्ष दौलतराव यांची नात.

“यशू! आजोबा शुक्रवारी सभा बोलावतायत! कौसाआत्याकडून पंपाची चावी काढून घेणार!”

“का?” यशोधरा किंचाळलीच.

आत्याने बांबू वर ओढला. “दर मंगळवारी, शुक्रवारी दुपारनं टाकी वीतभर खाली जाते, म्हणून. मी चोरून इकते म्हनं! नोकरी गेली तर कुठंतरी धुणीभांडी करीन गं. पर चोर म्हणून गेली, तर या नळावर हंडा घेऊन कोण उभं राहू देईल मला?”

पोरं तडक वेशीवर गेली. गावात शिरायची वाट एकच. ती चिंचेखालून जायची, आणि चिंचेखाली खुर्ची टाकून दौलतराव बसायचे. गाडीचं नाक बघून ती भरलेली की रिकामी हे सांगण्यात त्यांचा हातखंडा. एकदा म्हणे त्यांनी रिक्षाचं नाक बघून मागे बसलेल्या पाव्हण्याने किती भाकऱ्या खाल्ल्या तेही सांगितलं होतं. पाव्हण्याला विचारलं, तर भाकऱ्या खरंच साडेचार निघाल्या!

“मागं माल भरला का गाडी नाक वर करते,” दौलतराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले. “माज्या नजरंतून टँकर सोडा, पान्याचा तांब्या सुटत नाय! आता गाडीनं पानी गेला नाय, म्हंजे कुनी नेला? चावी जिच्या कंबरंला, तिनं!”

“पण आजोबा—”

“तू गप गो! जा, खेल!”

तेवढ्यात धूळ उडवत एक पिकअप आली. नाक खाली, शेपूट वर. यशोधराने सम्यकचं मनगट असं आवळलं की तो ओरडलाच.

“ताई! हात आहे तो, पाना नाही!”

“गप! ही आपल्या बाबांनी केलेली गाडी आहे, त्या काळ्या चष्मेवाल्याची!”

“हा तर गुरुदत्त,” अक्षदा म्हणाली. “दर मंगळवारी, शुक्रवारी येतो. जीन्सचे गठ्ठे आणतो. बायका घरी बसून धागे कापतात, आणि मागचे तयार गठ्ठे तो घेऊन जातो.”

मंगळवार आणि शुक्रवार! यशोधराच्या डोक्यात पिवळा ठिपका पेटला.

तिघंही पिकअपच्या मागे मागे त्या बायकांच्या अंगणात पोचली. बायका गठ्ठे उतरवू लागल्या. सम्यकच्या खिशात पुस्तकं कधी सापडली नसती, पण गोट्या नेहमी बारा! त्यातली एक त्याने पिकअपच्या तळावर ठेवली. गोटी सुर्रकन पुढे धावली आणि केबिनवर आपटली.

“ए पोरा! खेळायला दुसरी जागा नाय काय?” गुरुदत्त खेकसला. मग त्याने गाडी पाण्याच्या टाकीमागच्या आंब्याखाली नेऊन लावली. इंजिन चालूच, गाणी मोठ्याने चालू.

“बॅटरी वीक आहे,” तो कुणीही न विचारता म्हणाला. “जरा झोप काढतो.”

“एवढ्या गोंगाटात कुणाला झोप येते?” अक्षदा कुजबुजली.

“आणि बॅटरी वीक असलेला माणूस गाणी लावतो?” यशोधरा म्हणाली.

दोन तासांनी गुरुदत्त तयार गठ्ठे न्यायला परत अंगणात आला. यशोधराने आधी नाकाकडे बघितलं. गाडी सरळ! ओळंब्यात बांधलेल्या भिंतीसारखी सरळ! बायका गठ्ठे आणायला आत गेल्या, तेवढ्यात सम्यकने दुसरी गोटी तळावर ठेवली. गोटी जागची हलली नाही. जणू तिला तिथेच राशन कार्ड मिळालं होतं.

“आली तेव्हा मान खाली, आता सरळ,” यशोधरा भराभर बोलू लागली. “म्हणजे गठ्ठे चढायच्या आधीच गाडी मागून जड झालीय! आणि हे बघा. बाहेरून गाडीची मागची पेटी हातभर खोल दिसते, आत मात्र वीतभरच आहे. मधल्या पोकळीत काय असेल?”

“पाणी!” दोघंही एकदम म्हणाले. गठ्ठ्यांच्या खाली चपटी टाकी! आत्याच्या टाकीतली पाच पिंपं तरी पाणी सहज मावेल एवढी.

अक्षदा वाऱ्यासारखी वेशीवर गेली आणि तोंड पाडून परत आली. “आजोबा म्हणतात, गाडी सरळ हाय म्हंजे रिकामी हाय. गोटीनं कोन गाडी मोजतं?”

आता यशोधराला बाबांचं उलटं काम सुलट दिसलं. भरल्यावर नाक वर जाऊ नये, म्हणून लबाडाने ते आधीच खाली करून घेतलं होतं! अख्ख्या गावात एकाच माणसाची नजर चुकवायची होती, आणि ती नेमकी नाकावर होती.

“तुझ्या आजोबांना गोटी कळत नाही, नाक कळतं,” ती हळूच म्हणाली. “मग त्यांना नाकच दाखवू! सम्यक, चाकाच्या मधली ती वाटी निघेल का रे?”

“माझ्या हाताने न निघालेली वस्तू अजून जगात झालीच नाही,” सम्यक म्हणाला. आई हे वाक्य रडकुंडीला येऊन म्हणायची, तो छाती फुगवून म्हणाला. गुरुदत्त पलीकडे गठ्ठे मोजत होता. तेवढ्यात वाटी निघाली, तीन गोट्या आत गेल्या आणि वाटी परत बसली.

पिकअप निघाली. खड् खड् खड् खड्!

“काका, पुढून आवाज येतोय हं,” यशोधरा साळसूदपणे म्हणाली. “ज्याने पुढचं काम केलंय ना, त्यालाच दाखवा. नाहीतर चाक निघायचं!”

गुरुदत्तचा चेहरा पडला. चिंचेखालून दौलतरावांनी सरळ नाकाच्या गाडीला हात करून वाट दिली.

अक्षदाच्या घरच्या फोनवरून यशोधराने बाबांना सगळं सांगितलं. पलीकडे पाना खणकन खाली पडला.

“म्हणजे माझ्याच पान्याने माझ्या बहिणीला चोर ठरवलं,” बाबा म्हणाले. “येऊ दे त्याला.”

बुधवारी गुरुदत्त आला. बाबांनी त्याला कोपऱ्यावरच्या लस्सीवाल्याकडे पाठवलं, वाटीतल्या गोट्या काढल्या, गाडी जॅकवर घेतली आणि दोन्ही बोल्ट आवळले. नाक उतरवलं होतं चार बोटं, चढवलं सहा! लस्सीच्या मिशा पुसत गुरुदत्त परतला. आवाज गेला होता. तो एवढा खूश झाला की गाडीकडे त्याने धड बघितलंसुद्धा नाही.

शुक्रवारी चार वाजता चिंचेखाली सभा भरली. बाबा शेअर रिक्षाने येऊन मागे उभे राहिले होते. यशोधरा सारखी वळणाकडे बघत होती. आजही गुरुदत्त आला होता, आजही आंब्याखाली गाणी वाजली होती. पण त्याने नाक बघितलं असलं तर? टाकी अर्धीच भरली असली तर?

“मी सांगते ते कुणी ऐकायला तयार नाय,” आत्या म्हणाली. तिने कमरेची चावी सोडली आणि पारावर ठेवली. “ही घ्या. पर मी पाण्याचा थेंब इकला नाय.”

“आजपत्तुर एक भरलेली गाडी माज्या नजरंतून सुटली नाय!” दौलतराव गरजले. “मंग पानी—”

त्यांचं तोंड उघडंच राहिलं. वळणावरून पिकअप येत होती, आणि तिचं नाक असं वर गेलं होतं, जसा कोंबडा आरवायला मान काढतो! काचेतून गुरुदत्तला रस्ता दिसत होता की आभाळ, देव जाणे. वेशीच्या चढावर तर पुढची चाकं अशी हलकी झाली की स्टिअरिंग फिरवलं डावीकडे आणि गाडी गेली समोर. धप्प! ती थेट पाराला टेकून थांबली, दौलतरावांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर.

“भरलेली हाय!” दौलतराव ताडकन उठले. “ही गाडी भरलेली हाय!”

“काका, जीन्स आहेत फक्त,” गुरुदत्त घाम पुसत म्हणाला. “टेन्शन नाय घ्यायचं...”

“जीन्सनं गाडीचा घोडा व्हतो व्हय रे? उतरवा गठ्ठे!”

गठ्ठे उतरले. सम्यकने तळावर उडी मारली. डुब्ब! खाली पाणी डचमळलं. बाबांनी वाकून मागचा बूच फिरवला, आणि चिंचेखाली पाण्याची धार लागली. सभेचं काय झालं कुणालाच कळलं नाही, कारण क्षणात सगळी सभा हंडे आणायला धावली होती!

गुरुदत्तने चष्मा काढला. जीन्स धुण्याच्या एका कारखान्याला तो पाणी विकत होता. टाकीच्या झाकणातून नळी आत, गाडीखाली छोटी मोटर, आणि मोटरचा आवाज झाकायला गाणी. त्याला पोलीस पाटलांच्या हवाली केलं.

“चूक माझीही आहे,” बाबा सगळ्यांसमोर म्हणाले. “उलटं काम होतं. पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. माझ्या पोरीने विचारलं, तर मी हसलो.”

दौलतरावांनी पारावरची चावी उचलली. आत्याच्या हातात देताना त्यांची मान त्या मंगळवारच्या पिकअपसारखी खाली होती. “कौसाबाय, माफ कर. डोल्यांचा गर्व नडला.”

आत्याने चावी कमरेला खोचली आणि यशोधराला जवळ ओढलं. “नाक दाबलं की तोंड उघडतं, असं आजवर ऐकलं व्हतं. माज्या भाचीनं नाक उचलून तोंड उघडलं!”

“हुशार हाय पोर!” दौलतराव म्हणाले. मग घसा खाकरून सम्यककडे वळले आणि कुणी बघत नाही ना याचा अंदाज घेत हात पुढे केला.

“काय रे, ती... एक गोटी मिलंल काय?”

“मिळेल की! पण आजोबा, गाडीला गोटी लावायच्या आधी खाली जमीन सरळ आहे का बघायचं हं!”

दुसऱ्या दिवशी सकाळची एस.टी. अर्धा तास उशिरा बदलापूरला पोचली. कंडक्टरने कारण लिहिलं: ‘उंबरवाडी येथे गोटी हरवल्याने.’