शेपटीतली टकटक

महायुद्धातलं ते जुनं बॉम्बफेकी विमान पुन्हा उडवायचं, म्हणून मिस्त्री आणि त्याची बायको नऊ वर्षं त्या हँगरमध्ये झिजली. पत्रे जोडणारे रिव्हेट ठोकणं एकट्यादुकट्याचं काम नव्हे. तो बाहेरून हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोडीने ठोकायचा. ती शेपटीच्या पोकळीत शिरून पलीकडून पोलादी ठोकळा डाव्या हाताने दाबून धरायची. डावखुरी होती ती. कानठळ्या बसवणाऱ्या त्या आवाजात बोलणार काय, कपाळ? म्हणून आतून तिची पत्र्यावर टकटक. एकदा म्हणजे अजून मार, दोनदा म्हणजे जमला, तीनदा म्हणजे बिघडला, काढ. त्याचा विनोद फसला की ती जेवताना ताटावरही तीनदा वाजवायची.

शेवटी इस्पितळात घशात नळी असताना तिने खाटेच्या दांडीवर तीनदा वाजवलं. मला इथून काढ, एवढंच मागणं. "उद्या नेतो गं," तो म्हणाला. तो उद्या तिला दिसलाच नाही. ही गोष्ट त्याला रोज खात होती.

आता शेपटीचा एकच पत्रा उरला होता आणि दुसऱ्या दिवशी उड्डाण होतं. दुपारी सगळे जेवायला गेले. तिच्या जागी दुसरं कोणी त्याला नकोच होतं. आत कोणी नसताना रिव्हेट बसत नाही हे माहीत असूनही त्याने वेड्यासारखी हातोडी टेकवली आणि पहिला रिव्हेट मारला.

टक, टक.

 मग त्याने दुसरा मारला, तिसरा मारला. प्रत्येकाला आतून उत्तर आलं. तो रडत होता आणि ठोकत होता.

उड्डाणाआधी काम पास करणारा तपासनीस जेवून परतला. त्याने तपासणीच्या भोकातून लांब दांड्याचा आरसा आत घातला. "झकास बसलेत, मिस्त्री. आत कोण होतं? ठोकळ्याचे ठसे डावीकडे कललेत."

"घरचंच माणूस."

"मग शेवटचा मारा आणि व्हा मोकळे," म्हणत तो मंजुरीचा कागद आणायला गेला.

मिस्त्रीने शेवटचा मारला.

टक... टक... टक.

त्याने बोट फिरवून पाहिलं. रिव्हेट चोख बसला होता.

"अगं, बरा बसलाय की..." तो कुजबुजला. "आता नको ना... उद्या बघतो..."

'उद्या' हा आपलाच शब्द त्याला ऐकू आला. त्याने ड्रिल उचललं आणि सगळी रांग काढली. पत्रा उचकटला.

आत कोणी नव्हतं. फक्त तिचा ठोकळा होता. तिला शेवटचा निरोप देताना त्याने स्वतःच तो तिच्या डाव्या मुठीत ठेवला होता, तिच्याबरोबर जावा म्हणून.

त्याने हात लावून पाहिला. ठोकळा अजून कोमट होता.