मागच्या डाव्या चाकापासून

त्या दिवशी सकाळ सरत आली तरी धुकं उठलं नव्हतं. गॅरेजचं शटर अर्धंच वर होतं, आणि आत ओल्या रबराचा, जुन्या ऑइलचा वास कोंडून राहिला होता. मेकॅनिक आपल्याच जुन्या व्हॅनचं मागचं उजवं चाक बसवत होता. गल्लीत सगळे त्याला ‘सावकाश’ म्हणत, आणि ते नाव त्याला शोभायचंही. आधी सगळे नट हाताने फिरवायचे, मग पान्याने आवळायचे, मग प्रत्येकावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. ही शिस्त त्याला थोरल्या भावाने, दादाने, लावलेली. ठिपका नाही म्हणजे काम झालेलं नाही.

नट हाताने फिरवून झाले. व्हॅन जॅकवरून खाली आली. पान्याकडे हात गेला, तेवढ्यात धुक्यातून दादाची गाडी येऊन दारात उभी राहिली.

दादाला जाऊन वर्ष होत आलं होतं. गाडी आता वहिनी चालवायची.

“भाऊजी, तो पिवळा दिवा पुन्हा लागला,” काच खाली करत ती म्हणाली. “गाडी घसरतेय असं चित्र आहे ना, तो. काल घाटाच्या पहिल्याच चढावर लागला आणि हिने मान टाकली. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबतेय, तर ही ओढायला तयार नाही. आले मुकाट्याने परत.”

“चाक घसरतंय असं वाटलं की गाडी आपणहून इंजिनाची ओढ कमी करते,” सावकाश म्हणाला. “कधीकधी घसरत नसलं तरी वाटतं तिला.”

“म्हणजे संशयी. तुमच्या दादांच्या वळणावर गेली.” वहिनी हसली, पण स्टिअरिंगवरचे हात काही तिने काढले नव्हते. “लेकीचे दिवस भरलेत, भाऊजी. घाटापलीकडे एकटी आहे पोरगी. आणि मुलगा म्हणतो, गाडी विकून टाक, तुला झेपत नाही. आज पोचले नाही, तर त्याचंच खरं होईल.”

“बघू या सावकाश...”

“सावकाश नको हो! नातवंड शाळेत जायला लागेल तोवर.”

शटर पुरतं वर करून त्याने तिला गाडी आत सपाट फरशीवर घ्यायला लावली, हँडब्रेक ओढायला सांगितला आणि ती तशीच बसलेली असताना स्कॅनर जोडला. प्रत्येक चाकापाशी वेग मोजणारा एक सेन्सर असतो. त्या चौघांचे आकडे पडद्यावर उमटले. इंजिन चालू, गाडी जागच्या जागी. तीन शून्यं. मागचं डावं चाक मात्र चार दाखवत होतं.

“चार म्हणजे?”

“ताशी चार किलोमीटर. माणूस रमतगमत चालतो, तो वेग.”

सेन्सरवर चिखल बसला असणार. त्याने वाकून तो पुसला, वायर चाचपली आणि परत येऊन पाहिलं. मागचं डावं शून्यावर आलं होतं. आता पुढचं डावं चार दाखवत होतं.

त्याने त्या चाकाला हातही लावला नव्हता.

दोघं पडद्याकडे बघत राहिली. थोड्या वेळाने तोही आकडा मावळला आणि पुढचं उजवं चाक चालू लागलं. वहिनीच्या दारापाशीच होतं ते. तिने नकळत काच वर केली. मग मागचं उजवं. मग चारही शून्यं. बाहेर धुक्यात पन्हाळीतून पाण्याचे थेंब पडत होते, तेवढाच आवाज. आणि पुन्हा मागचं डावं... चार.

“भाऊजी...” वहिनीचा आवाज खोल गेला होता. “हे असेच जायचे.”

“कोण?”

“तुमचे दादा. निघायच्या आधी. मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात. एकेका चाकाला टाचेने थप... थप... आणि फेरी पुरी झाली की मगच आत येऊन बसायचे.”

सावकाशच्या मानेवर गार काटा आला. पण हात कामात असले की भीतीला बसायला जागा मिळत नाही, हेही दादाचंच म्हणणं.

“चार साक्षीदार एकच खोटं बोलायला लागले,” तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, “तर त्यांना पढवणारा एकच असतो. बॉनेट उघडा, वहिनी.”

चारही सेन्सरच्या वायरी ज्या एका डब्यात जातात, त्या डब्याच्या अर्थिंगचा बोल्ट बॅटरीच्या खाली होता. तिथे टॉर्च मारली. बोल्टखाली एक जादा वायर अडकवलेली होती. धुक्यासाठी दादाने शेवटच्या आठवड्यात स्वतःच बसवलेल्या दिव्याची. सावकाशने बोल्टला बोट लावलं. तो बोटानेच फिरला.

हाताने लावलेला. पाना लावायचा राहिलेला. त्यावर पिवळा ठिपका नव्हता.

ठिपक्याच्या त्या रिकाम्या जागेवरून त्याने अंगठा फिरवला. मग त्याने बोल्ट काढला, घासकागदाने गंज काढून जागा लख्ख केली, बोल्ट परत लावून पान्याने आवळला आणि वर ठिपका दिला. वहिनीने इंजिन चालू केलं. चार शून्यं. एक फेरी पुरी होईल एवढा वेळ दोघं थांबली. चार शून्यंच.

“जमलं?”

“जमलं.”

वहिनी अशी हसली, की हसताहसता तिला डोळे पुसावे लागले. गल्लीच्या ओल्या चढावर दोघांनी गाडी दोनदा चढवून पाहिली. दिवा लागला नाही. मग ती जी निघाली, ती थेट घाटाकडे.

दिवसभर सावकाशचं लक्ष फोनकडेच होतं. हातातलं काम हातात राहत होतं. दिवेलागणीला फोन वाजला.

“मुलगी झाली, भाऊजी! मी हाताशी होते अगदी. दिवा कुठ्ठे लागला नाही. आणि पोरीने आजोबांची टाच घेतलीय, नुसत्या लाथा झाडतेय!”

सावकाशच्या छातीवरचा दगड उतरला. गाणं गुणगुणत त्याने हत्यारं पुसली, व्हॅन बाहेर काढली, शटर ओढलं आणि घरी जायला व्हॅनमध्ये बसला. धुकं परत उतरलं होतं.

थप.

मागून, डावीकडून. त्याचा हात किल्लीवरच राहिला.

थप... पुढून, डावीकडून. थप... त्याच्या दाराखालीच. आरशात नुसतं पांढरं धुकं. आणि मग मागच्या उजव्या चाकावर... खट. पोकळ, सैल.

तो आवाज मेकॅनिकच्या कानाला चटकन कळला. तो उतरला आणि धावतच मागे गेला. सकाळी वहिनी आली तेव्हा अर्धवट सोडलेलं चाक. नट बोटाने फिरत होते. एकावरही ठिपका नव्हता.

शटर उचलून त्याने पाना आणला आणि सगळे नट आवळले. ठिपके दिले.

“दादा,” तो धुक्याला म्हणाला, “राहिलं होतं रे माझ्याकडून. झालं आता.”

तो आत येऊन बसला. बरं वाटत होतं, खरंच बरं वाटत होतं.

थप. थप. थप. थप. या वेळी चारही आवाज भरीव आले. फेरी पुरी झाली.

आणि मग व्हॅन डाव्या बाजूला हळूच खाली दबली, कोणी अंगाने भारी माणूस शेजारी येऊन बसावा तशी.