छपरावर पडलेला खोका

बस, फ्रेमा. तू पण बस रे. आणि ते कॅमेऱ्याचं उडतं यंत्र आधी खाली ठेवा, ती घरघर थांबली की मग बोलतो. परवान्याचे कागद केलेत का त्याचे? नाही. ईस्टरची मिरवणूक दवाखान्याच्या वरून टिपायची म्हणता, आणि विचारता कुणाला, तर इथल्या राखणदाराला! नाही म्हटलं तर मामा घाबरट. असू दे. ऐका मग. यातलं अर्धं मी डोळ्यांनी पाहिलंय, अर्धं बेडियाकोनं मला सांगितलंय.

बेडियाको बाजारामागे राहायचा. मयतांचं शूटिंग करायचा. आपल्या आसुक्रोममध्ये कुठला शनिवार मयताच्या समारंभाशिवाय जातो? आणि हल्ली वरून शूटिंग नसलं तर घरच्यांचं नाक कापलं जातं म्हणे. त्याचा धंदा जोरात होता. नियम त्याला पाठ होते, तोच मला सांगायचा. चारशे फुटांच्या वर न्यायचं नाही, गर्दीच्या डोक्यावर आणायचं नाही, अंधारात उडवायचं नाही. आणि दवाखान्याच्या विमानांची वाट मोकळी सोडायची. हे सगळं सांगायचा आणि हसायचा. ते हसू आठवलं की मला अजून थुंकावंसं वाटतं.

अकरा ऑक्टोबरचा शनिवार. संध्याकाळी पाच वाजता सिस्टर आग्नेसनं मला अंगणात उभं केलं. काम रोजचंच. रक्तपेढीचं बिनमाणसाचं विमान येतं, कागदी छत्रीला बांधलेला खोका सोडतं, तो उचलायचा, त्यावर वेळ लिहायची आणि आत धावायचं. आत सेरवा होती, पंक्चरवाल्या ओबेंगची बायको. मुलगी झाली होती, पण रक्त थांबत नव्हतं.

पाच अडतीसला विमान ताडांवर दिसलं. मी हात वर केले. त्यानं एक घिरटी घातली आणि परत फिरलं.

सिस्टरनं फोन लावला. तिकडून म्हणाले, "तुमच्याकडं वाटेत काहीतरी उडतंय. त्याला अडथळा दिसला की ते माघारी येतं. दुसरं पाठवतो."

दुसरं आलं सात बत्तीसला. खोका मी उचलला. गार होता. पेनानं वेळ लिहिली, माझे आकडे कसे वाकडे असतात तुम्हाला माहीत आहे. आत गेलो. सेरवा सात वीसलाच गेली होती.

रक्त परत पाठवलं. खोका मी दुसऱ्या दिवशी मागच्या खड्ड्यात जाळला. नीट ऐका, मी जाळला. राख होईपर्यंत उभा होतो.

आता सेरवाच्या माहेरची माणसं बघा. त्यांचा कुलप्रमुख म्हणाला, "यानंच हिला उशिरा आणलं. मूल आईच्या कुळाचं, म्हणजे आमचंच, आता आमच्याच घरी वाढेल. मातीनंतरच्या मंगळवारी घेऊन जाऊ." उशीर झालाच होता. येताना ओबेंगच्या मोटारसायकलचं चाक वाटेत बसलं होतं. पंक्चरवाल्याचंच! वीस मिनिटं गेली. त्यालाही वाटत होतं की बायको आपणच मारली. मला म्हणाला, "मामा, पोरगी नेतील तर नेऊ देत. मी तिच्या तोंडाकडं बघू कसा?"

आणि हे सगळं बेडियाको ऐकत होता. अरे, त्या शनिवारी एका कोको व्यापाऱ्याच्या मयताचा समारंभ होता, आणि या बाबाचं यंत्र दवाखान्याच्या वाटेत ढगाला टेकलेलं! विमान माघारी फिरलेलं त्यानं स्वतःच्या पडद्यावर पाहिलं होतं. मजा वाटली म्हणून जवळून टिपलंही होतं. रात्री कळलं कुणासाठी येत होतं ते. त्यानं काय केलं? शूटिंगचं कार्ड काढलं आणि सार्वजनिक संडासाच्या खड्ड्यात टाकलं.

थांबा, पुढचं याहून घाण आहे. बावीस नोव्हेंबरला सेरवाची माती ठरली, तोवर ती शवागारात. ओबेंगनं शूटिंगला कुणाला सांगितलं? यालाच. आणि हा हो म्हणाला! वर म्हणाला, "दुःखाचं घर आहे, अर्ध्या पैशात करतो." मी त्याच्या शेजारी उभा होतो तेव्हा. माणूस समजत होतो मी त्याला.

सोमवार, चोवीस नोव्हेंबर. रात्री नऊ चाळीस. बेडियाको खोलीत एकटा बसला होता, दुसऱ्या दिवशी ओबेंगला शूटिंग द्यायचं होतं म्हणून लॅपटॉपवर कापाकापी करत. समोर आंबवलेल्या मक्याचं केंके आणि मासळी. वरून घेतलेलं दृश्य. मांडवाबाहेर सगळे दुखवट्याच्या काळ्यातांबड्यात.

मध्ये एक ठिपका पांढरा.

त्यानं मोठं करून पाहिलं. बाई होती. पाठमोरी. बाळंतीण सुखरूप उठली की नेसते ना, तसं पांढरं. गळ्यात पांढरे मणी. मयताला असं कोण येईल? त्याला वाटलं, परगावची असेल.

पुढचं दृश्य. तीच. मान थोडी वळलेली.

त्याच्या पुढचं. तिच्या आजूबाजूला माणसं. कुणी तिच्याकडं बघत नाही. ती...

ती वर बघत होती.

सरळ त्याच्याकडं.

त्यानं लॅपटॉपचं झाकण लावलं. खोलीत अंधार. बाहेर कुत्रंही नाही. मग वरून आवाज. लांबून. बारीक. ओळखीचा...

विमान.

घराभोवती एक घिरटी. दुसरी.

या वेळी ते परत फिरलं नाही.

पत्र्यावर धप्पकन काहीतरी पडलं.

...

सव्वादहाला माझं दार वाजलं. बेडियाको होता. हातात खोका, त्याला कागदी छत्री लोंबतेय. खोका ठेवला आणि उंबऱ्यातच ओकला. मी म्हटलं, "दारू प्यायलास?" त्यानं मान हलवली. मग मी खोका उघडला, आणि तो का ओकला ते कळलं.

संडास. भरलेल्या, तापलेल्या संडासाचा वास. आत रक्ताची पिशवी नव्हती. बोटाच्या पेराएवढं कार्ड होतं, घाणीनं माखलेलं.

"तेच आहे, मामा," तो रडत म्हणाला. "मीच टाकलं होतं. वीस फूट खोल आहे तो खड्डा." आणि मग सगळं ओकला, तोंडानं. आत्ता मी सांगितलं तेवढं सगळं.

मला त्याची दया यायला लागली होती, खरं सांगतो. तेवढ्यात नाक पुसून म्हणतो, "मामा, या खोक्याचा व्हिडिओ काढून नेटवर टाकला तर? लाखो लोक बघतील."

मुस्काटात दिली त्याच्या. आजवर एवढ्या समाधानानं मी कुणाला मारलेलं नाही.

मी कार्ड धुतलं. साबणानं, राखेनं, पुन्हा साबणानं. हाताचा वास तीन दिवस गेला नाही. मंगळवारी सकाळी बेडियाकोला दंडाला धरून ओबेंगकडं नेलं. कुलप्रमुख बायकामाणसं घेऊन आलेला, एकीनं पोरीला पाठीला बांधलेलंही होतं. मी म्हटलं, "न्या. पण आधी हे बघा."

कार्ड बेडियाकोच्या लॅपटॉपवर चालेल असं मला वाटलं नव्हतं. चाललं. ताडांवरून पांढरं विमान येतं, समोर अडतं, वळतं. कोपऱ्यात वेळ, पाच अडतीस. सिस्टर आग्नेसलाही मी बोलावलं होतं, ती म्हणाली, "तेव्हा रक्त मिळालं असतं तर ती जगली असती. ओबेंग उशिरा आला, पण वेळेत आला होता."

मग कुलप्रमुखानं स्वतः त्या बाईच्या पाठीवरची गाठ सोडली आणि पोर ओबेंगच्या हातात दिली. ओबेंग बेडियाकोकडं वळलासुद्धा नाही. पांढऱ्यातल्या बाईचं मी त्याला सांगितलं होतं; पोरीला म्हणाला, "तुझी आई आत्ताच येऊन गेली बघ."

बेडियाको त्याच आठवड्यात गाव सोडून गेला. ऐकतो, तिकडंही उडवतो. माणसाची जात कसली असते एकेक!

नंतर मी रक्तपेढीत विचारलं. त्या रात्री आसुक्रोमकडं एकही विमान सुटलं नव्हतं. मग तो खोका? माझ्या खाटेखाली आहे. थांबा, आणतो.

हा बघा. हे पेनानं लिहिलंय ते वाच, फ्रेमा.

सात बत्तीस. अक्षर कुणाचं? ...हो. माझंच.

चार महिने झाले. बर्फ नाही, काही नाही, खोलीत किती उकडतं तुम्ही बघताच आहात. भिऊ नकोस. आत हात घाल.

...गार आहे ना?